पिसलेल्या पत्त्यांतली साथ

पटावरच्या खेळाची कथावस्तू अस्सल आहे की वरून चिकटवलेली, हे ताडून पाहायची एक रीत आहे. खेळातली सगळी नावं पुसायची आणि नियम तेवढे ठेवायचे. घरोघरच्या ‘नवा व्यापार’मधली ठिकाणांची नावं काढून तिथे फळांची लिहिली, तरी खेळात तसूभर फरक पडणार नाही. मॅट लीकॉक यांच्या २००८ साली आलेल्या ‘पँडेमिक’वर हा प्रयोग करून बघा. ठोकळ्यांना रोग म्हणू नका, पटाला जग म्हणू नका. दोन डाव खेळलेला माणूस तरीही सांगेल, ‘हे काहीतरी पसरतंय, आणि आपण मागे पडतोय.’

मांडणी साधी आहे. पटावर ४८ शहरं, चार रंगांत वाटलेली, प्रत्येक रंगाची १२. दोन ते चार खेळाडू एकाच बाजूला आणि समोर खुद्द पट. सगळ्यांच्या सोंगट्या अटलांटाहून निघतात, कारण अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र तिथे आहे. रोग चार, पण निनावी: निळा, पिवळा, काळा, लाल. कॉलरा किंवा देवी असं काही लिहिलं असतं, तर खेळाडूंनी खऱ्या रोगाच्या लक्षणांवर वाद घातले असते. नुसत्या रंगामुळे नजर पसरण्यावर राहते. कुठे थांबायचं हे लीकॉकना इथेच कळलेलं दिसतं.

खरी करामत मात्र लागणीच्या पत्त्यांत आहे. प्रत्येक शहराचा एक पत्ता. डाव मांडताना नऊ पत्ते उघडतात: तीन शहरांत तीन-तीन ठोकळे, तिघांत दोन-दोन, तिघांत एक-एक. पुढे प्रत्येक पाळीच्या शेवटी आधी दोन, मग तीन, मग चार पत्ते उघडत जातात आणि त्या-त्या शहरात एकेक ठोकळा पडतो. उघडलेले पत्ते बाजूला. इथवर साधं नशीब. मग खेळाडूंच्या गठ्ठ्यातून साथीचा पत्ता निघतो. लागणीच्या गठ्ठ्याचा अगदी तळाचा पत्ता काढायचा, म्हणजे आजवर ज्याचं नावही निघालं नाही असं शहर, आणि तिथे एकदम तीन ठोकळे. नंतर बाजूला पडलेले सगळे पत्ते पिसायचे आणि गठ्ठ्याच्या वर ठेवायचे. खाली घालायचे नाहीत, वर.

या एका ‘वर’मध्ये अख्खा साथरोग आहे. जिथे लागण होऊन गेली तिथेच ती पुन्हा उसळणार, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. कोणती शहरं येणार हे खेळाडूंना ठाऊक असतं, क्रम तेवढा माहीत नसतो. म्हणून मुंबईत तीन काळे ठोकळे असले आणि तिचा पत्ता नुकताच पिसला गेला असला, की त्या शहराकडे बघण्याची नजरच बदलते. आणि एक बारकावा पटकन लक्षात येत नाही. तळातून निघालेलं ते नवं शहरही त्याच पिसलेल्या पत्त्यांत असतं. त्याच पाळीत त्याचा पत्ता वर आला, तर तीन ठोकळ्यांवर चौथ्याची पाळी येते आणि श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. हात पत्ते पिसतात आणि पोटात गोळा येतो. कथा सांगण्याचं इतकं काटकसरी तंत्र मी क्वचित पाहिलं आहे.

चौथा ठोकळा शहरात राहत नाही. उद्रेक होतो आणि जोडलेल्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा जातो. मुंबईच्या रेषा कराची, दिल्ली आणि चेन्नईला जातात. दिल्लीत आधीच तीन असले तर तीही फुटते आणि तेहरान, कराची, चेन्नई, कोलकाता या चौघांत भर घालते. एका साखळीत एक शहर एकदाच फुटतं, म्हणून मुंबई सुटते. कराची आणि चेन्नईवर मात्र दोन-दोन पडतात. खेळाडू बोटानं रेषा मोजू लागतो आणि दिल्लीला इतके रस्ते का, हे त्याला तेव्हा जाणवतं. असे आठ उद्रेक झाले की डाव गेला.

खेळाडूच्या हातातल्या शहराच्या पत्त्याला मुख्यतः दोन मोल आहेत. तो पत्ता टाकून त्या शहरी थेट उडता येतं, आणि एका रंगाचे पाच पत्ते संशोधन केंद्रात टाकले की त्या रोगावर इलाज सापडतो. म्हणजे आज आग विझवायला धावलात, तर उद्याचं औषध खर्ची पडतं. पत्ता दुसऱ्याला द्यायचा, तर दोघांनी नेमक्या त्याच शहरात भेटायला हवं. हा नियम तर्काला थोडा ताणतो. माहिती तारेनंही कळवता आली असती. पण या सक्तीमुळेच सोंगट्या पटभर एकमेकींना शोधत फिरतात. तर्काचं थोडं उणं घेऊन खेळाचं केवढं अधिक केलं आहे!

साथीच्या पत्त्यांची पेरणीही हिशेबी. खेळाडूंचा गठ्ठा सारख्या भागांत वाटून प्रत्येक भागात एकच साथ पिसायची, म्हणजे साथ हुलकावणी देत नाही. पण एका भागाच्या शेवटी आणि पुढच्याच्या आरंभी आली, तर पाठोपाठ दोन.

दोष नाही असं नाही. सगळे एका बाजूला आणि पट उघडा, त्यामुळे घरातला एखादा हुशार माणूस सर्वांच्या चाली ठरवू लागतो आणि बाकीचे सोंगट्या सरकवणारे कारकून होतात. भूमिकांची वाटणी यावर अर्धाच उतारा आहे. मेडिक एका चालीत शहरातले एका रंगाचे सगळे ठोकळे उचलतो, शास्त्रज्ञाला इलाजासाठी पाचाऐवजी चार पत्ते पुरतात, आणि डिस्पॅचर दुसऱ्यांच्या सोंगट्या हलवतो, म्हणजे त्या हुशार माणसाला अधिकृत परवानाच!

चारही इलाज सापडताच डाव जिंकला. पटावर ठोकळे कितीही उरलेले असोत. जिंकायला रोग पुरता निपटून काढावा लागत नाही, हे नवख्यांना पचत नाही. ते शेवटचा ठोकळा उचलायला चाली घालवतात आणि तेवढ्यात खेळाडूंचा गठ्ठा संपतो. तीही हारच. पहिल्या डावात साथीचे चारच पत्ते घाला. सहा घालायची खुमखुमी नंतर आपोआप येते.