स्थावरकाची साक्ष

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ शिकवताना चारुदत्ताचे औदार्य आणि वसंतसेनेचे प्रेम यांवर तासच्या तास खर्च होतात. शकाराचा गाडीवान स्थावरक हा दास मात्र ‘गौण पात्रे’ या मथळ्याखाली एका ओळीत संपतो. गेल्या वर्षी या नाटकातील काही प्रवेश मराठीतून विद्यार्थ्यांकडून बसवून घेताना मला जाणवले, की नाटकाची खरी नैतिक कसोटी या एका ओळीतच आहे.

भूमिका वाटताना चारुदत्तासाठी पाच हात वर झाले. स्थावरकासाठी एकही नाही. मी आपल्याच वस्तीतल्या एका मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, “सर, नाटकातही आम्ही गडीच व्हायचं का?” प्रश्न रास्त होता. मी त्याला संहिता दिली आणि सांगितले, “हा माणूस कुठे ‘नाही’ म्हणतो ते शोधून आण. मग ठरव.”

त्याने शोधले. आठव्या अंकात शकार वसंतसेनेला ठार मारण्याची आज्ञा देतो. सोन्याची कडी, सर्व नोकरांवर अधिकार, अशी आमिषे दाखवतो. धन्याची मालकी अंगावर चालते, वर्तनावर नाही, या भूमिकेवर स्थावरक ठाम राहतो आणि मार खातो. नकार विटानेही दिलेला असतो. पण विट निघून जाऊ शकतो, दासाला जायला जागा नाही.

इथे वर्गात वाद झाला. पूर्वजन्मीच्या पापाने मी दास झालो, आणखी पाप नको, असे कारण स्थावरक देतो. चळवळीतली मुले म्हणाली, हे कापा. मी नकार दिला. ज्या विचाराने त्याला बांधले तोच विचार तो खरा मानतो, आणि तरीही धन्याला अडवतो. त्याच्यावर आपले विचार चढवून सोयीचा नायक करणे ही समीक्षाही नव्हे आणि अभिनयही नव्हे.

पहिल्या तालमीत त्या मुलाने कंबर वाकवली, आवाज थरथरवला. वर्ग हसला. मी म्हणालो, माझे वडील सालगडी होते. ते मालकासमोर असे वाकत नसत. थोडे बाजूला, ताठ उभे राहत आणि नजर मालकाच्या हातावर ठेवत. मग आम्ही सहावा अंक पुन्हा वाचला. अनोळखी गाडीवानाचे चाक अडलेले पाहून, ‘राजाच्या मेहुण्याचा माणूस मी’ हा तोरा बाजूला ठेवून, स्थावरक मदतीला उतरतो. तेवढ्यात वसंतसेना चुकून त्याच्या गाडीत बसते. गाडी जड लागते, तेव्हा त्याला वाटते, आपणच थकलो असू. म्हणजे हा अंगमेहनतीचा, कनवाळू माणूस आहे; विदूषक नव्हे.

दहाव्या अंकात कैदेतला स्थावरक वरून उडी टाकतो आणि खून कोणी केला ते सांगतो. शकार गुपचूप त्याला कडे देतो. तो ते लोकांना दाखवतो. शकार तेच कडे चोरीचा पुरावा ठरवतो. सज्जनाला छळणारा तोच खरा चांडाळ, असे म्हणणारे चांडाळही दासाची साक्ष मानत नाहीत. चारुदत्त वाचतो तो वसंतसेना जिवंत परतल्यामुळे. स्थावरकाच्या सत्यामुळे नव्हे.

शेवटी स्थावरकाला दास्यातून मुक्ती मिळते आणि चांडाळांना सर्व चांडाळांचे प्रमुखपद. बक्षीस माणसांना मिळाले. व्यवस्था होती तिथेच राहिली. शूद्रकाने दासाच्या साक्षीची किंमत दाखवली, हे त्याचे मोठेपण. तिच्यावर नाटक थांबवण्याचे धैर्य त्याला झाले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

प्रयोगात तो मुलगा कडे उंच धरून उभा राहिला. या वेळी कोणी हसले नाही. पुढच्या वर्षी स्थावरकाची भूमिका मी चारुदत्तासाठी हात वर करणाऱ्यांपैकी एकाला देणार आहे. खरे बोलूनही कोणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय, हे त्यालाही एकदा उभे राहून कळले पाहिजे.