वीसच नाणी ठेवायची, पण कोणती?

ठाकूरद्वार नाक्यापासून तीन मिनिटांवर आमची चाळ होती. दोन वर्षांपूर्वी ती रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरून बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा खाली आला. आत आजोबांची ४१२ नाणी, त्यातली बहुतेक कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत. आजोबा गिरगावातल्या एका हॉटेलात गल्ल्यावर बसायचे. गल्ल्यात आलेलं एखादं नाणं वेगळं वाटलं, की तेवढे पैसे खिशातून गल्ल्यात टाकायचे आणि नाणं घरी आणायचे.

भाड्याच्या घरात जागा नाही, असं मी घरी सांगितलं. खरं तर एक डबा कुठेही मावला असता. त्या दिवसांत मी नाण्यांवरचे व्हिडिओ बघत होतो आणि त्यातलं एक तत्त्व डोक्यात पक्कं बसलं होतं: कमी ठेवा, पण उत्तम ठेवा. एका शनिवार-रविवारात मी ४१२ ची २० केली. हा लेख त्या तत्त्वाची उलटतपासणी आहे. ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही. पण त्यातला ‘उत्तम’ हा शब्द मी तेव्हा न तपासता वापरला.

आधी तत्त्वाची बाजू मांडतो, कारण ती कमकुवत नाही. अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांत ‘बॉक्स ऑफ ट्वेंटी’ नावाची एक कल्पना चालते. ग्रेडिंग कंपनी नाणं तपासते, त्याला क्रमांक देते आणि प्लास्टिकच्या सीलबंद तुकड्यात बसवते. त्याला स्लॅब म्हणतात. असे वीस स्लॅब एका पेटीत मावतात. संग्रह तेवढाच ठेवायचा. एकविसावं नाणं आवडलं, तर वीसातलं एक काढायचं. दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला ही शिस्त शिकवावी लागत नाही. आमच्याकडे नवी खुर्ची आली की जुनी कुणाला तरी द्यावीच लागायची.

मर्यादा नसली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया. पुढची बारा वर्षं, म्हणजे १८७४ पर्यंत, रुपये पाडले गेले ते त्याच सालाचे. राणीच्या चित्राचे प्रकार वेगळे, मागच्या नक्षीचे वेगळे, आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर बारीक ठिपक्यांच्या निरनिराळ्या जुळण्या. या ठिपक्यांवरून नाणं खरं कोणत्या वर्षी पडलं ते ओळखतात. म्हणजे एकच साल, पण गोळा करायला बसलात तर डझनांनी प्रकार. माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला तर हा सापळाच आहे. यादी दिसली की ती पूर्ण करावीशी वाटते. मग भिंग लावून ठिपके मोजण्यात संध्याकाळ जाते आणि हातातल्या रुपयाकडे बघायचं राहून जातं. शिवाय पैसे मर्यादितच असतात. ते पन्नास साधारण नाण्यांत वाटून टाकण्यापेक्षा एका चांगल्या नाण्यावर खर्च केले, तर ते जाणकाराकडून तपासून घेणं परवडतं. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून त्याच्या नकलाही भरपूर आहेत. तिथे तर तपासणीला पर्याय नाही.

इथवर मी आजही सहमत आहे. अडचण पुढच्या पायरीवर सुरू होते. वीसच ठेवायची हे ठरलं. कोणती वीस, हे कोण ठरवणार?

स्लॅबवरचा आकडा एक ते सत्तरमधला असतो. सत्तर म्हणजे निर्दोष. वरवर हे फार शास्त्रीय वाटतं, पण या मोजपट्टीचा जन्म बघण्यासारखा आहे. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकी संग्राहकाने १९४९ मध्ये आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती मांडली. कल्पना अशी, की सगळ्यात झिजलेलं, जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं असेल, तर उत्कृष्ट नाणं सत्तर डॉलरचं. म्हणजे हा आकडा मुळात भावाचा गुणक होता. बाजारभाव पुढे हे गणित मोडून कुठल्या कुठे गेले. आकडे मात्र राहिले आणि जगभरच्या नाण्यांना लागले. मीही आजोबांच्या डब्याला तीच पट्टी लावली. झिजलेलं बाद, ओरखडा असलेलं बाद, घासलेलं बाद.

‘घासलेलं’ या एका नियमात आजीच्या सगळ्या शिवराया गेल्या. तिच्या माहेराहून आलेल्या पाच शिवराया देव्हाऱ्यात असायच्या. दर लक्ष्मीपूजनाला ती त्या चिंचेने घासून लख्ख करायची. शिवराई हे शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांनंतरही, अगदी पेशवाईत, या घाटाची नाणी पडत राहिली. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच एका नाण्यावर मावायची. ग्रेडिंगच्या भाषेत आजीच्या शिवराया दुप्पट नापास: अक्षरं अर्धवट आणि वरून घासलेल्या. नाणी घासू नयेत हा सल्ला बरोबरच आहे, घासल्याने तांब्याचा वरचा थर जातो आणि तो परत येत नाही. पण पन्नासेक दिवाळ्या ज्या नाण्यांची पूजा झाली, त्यांच्यावरचे घासल्याचे व्रण हा दोष म्हणायचा की नोंद? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही.

तो पडला जोगळटेंभीबद्दल वाचताना. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. एच. आर. स्कॉट यांनी त्यातल्या सव्वातेरा हजारांच्या आसपास नाण्यांचा अभ्यास केला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकला होता. गौतमीपुत्राने नहपानाच्या क्षहरात वंशाचा नाश केला, असं त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेण्यातल्या लेखात आहे. पण तो आईने केलेला मुलाचा गौरव. नाण्यांनी त्याला पुरावा दिला: हरलेल्याचा पैसा जिंकणाऱ्याने आपला करून पुन्हा चालवला होता.

आता याच साठ्याला माझा शनिवार-रविवारचा नियम लावून बघा. नहपानाचा चेहरा स्वच्छ हवा, म्हणून ठसा ठोकलेली नऊ हजार नाणी बाद. उरलेल्यांतली चेहऱ्याने उत्तम अशी वीस निवडली. पेटी देखणी दिसली असती. नहपान हरला होता हे मात्र त्या पेटीतून कुणालाच कळलं नसतं. इथे दोषातच बातमी होती. आणि दोन-चार नाण्यांवर पुन्हा ठसा दिसला असता, तर त्याला किरकोळ प्रकार म्हणता आलं असतं. तीनांतली दोन नाणी तशी आहेत म्हटल्यावर ते राज्याचं धोरण ठरतं. म्हणजे संख्या हीसुद्धा माहिती असते, आणि संग्रह कमी करताना आपण नेमकी तीच आधी खोडतो.

यावर कुणी म्हणेल, साठा वेगळा आणि संग्रह वेगळा. सगळं जपायला म्युझियम आहेत. मान्य. घरातल्या माणसाने सव्वातेरा हजार नाणी सांभाळावीत असं मी म्हणत नाही. पण आपल्या हातात आलेली वस्तू साठा आहे की संग्रह, हे तरी आधी बघायला हवं. आजोबांचा डबा मी संग्रह समजलो. तो साठा होता.

कारण त्या पुड्या. मी ३९२ नाणी फोर्टातल्या एका व्यापाऱ्याला दिली. त्याने वजनावर भाव केला, आणि मी आणलेल्या मालाला तो योग्यच होता. पुड्या मी आधीच काढून टाकल्या होत्या. जुन्या बिलांच्या कोऱ्या पाठीवर आजोबांनी काहीतरी लिहिलं होतं. मी न वाचता त्या रद्दीत घातल्या. सहा महिन्यांनी सामानातल्या एका पाकिटात एक पुडी सापडली. आत १९५४ चा एक आणा, नागमोडी कडेचा, बैलाच्या चित्राचा, गुळगुळीत झालेला. कागदावर पेन्सिलीने: ‘१२-९-६१. चहा. आणा अजून फिरतोय.’

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नये पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा होतात, म्हणून देताना-घेताना सहा धरायचे; तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे बरोबर पंचवीस. जुनी-नवी नाणी काही वर्षं एकत्र चालली. हॉटेलच्या गल्ल्यावर हा घोळ दिवसातून शंभरदा व्हायचा, आणि आजोबा तो टिपत होते. कोणतं नाणं कधीपर्यंत गिरगावात चालत होतं याची तारीखवार नोंद त्या डब्यात होती. ऑफिसात कुणी टाइमस्टॅम्पचा कॉलम डिलीट करून फक्त जास्त स्कोअरच्या ओळी ठेवल्या, तर मी त्याच्यावर ओरडलो असतो. घरी मी तेच केलं.

म्हणून आता माझं म्हणणं असं: मर्यादा ठेवा, पण आकडा ठरवण्याआधी प्रश्न ठरवा. ‘मुंबई टांकसाळीचं बोधचिन्ह’ हा प्रश्न असेल, तर सालाखाली बारीक हिरा असलेली दहा नाणी पुरतील. ‘आणे केव्हा गेले’ हा असेल, तर झिजलेले चाळीस आणेही कमी पडतील, आणि त्यांच्या ग्रेडला काही अर्थ नाही. ‘आजीचा देव्हारा’ असेल, तर पाचच्या पाच शिवराया, चिंचेच्या व्रणांसकट. उत्तम नाणं म्हणजे त्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर देणारं नाणं. आणि काढून टाकायच्या प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो, वजन, आणि सोबत जे लिहिलेलं असेल ते. मोबाईल हातातच असतो. माझी ३९२ नाणी यात दोन रविवारांत झाली असती.

माझ्या पेटीत अजून वीस नाणी आहेत. त्यातला १९४७ चा वाघाचा रुपया मी काढला. टवटवीत होता, पण तसे अजूनही सहज मिळतात. त्याच्या जागी तो गुळगुळीत आणा ठेवलाय. तो पुडीसकट ठेवायचा असल्याने प्लास्टिकच्या खाचेत नीट बसत नाही, झाकण थोडं उघडं राहतं. परवा बाबांनी पेटी हातात घेतली. बाकीच्या एकोणीस नाण्यांवरून त्यांनी नुसती नजर फिरवली. पुडी उघडली, अक्षर ओळखलं, आणि विचारलं, “बाकीच्या पुड्या कुठायत?”