फ्रँकेन्स्टाइननं घडवलेला तो भस्मासुर होता का?

विज्ञानकथेची सुरुवात कुठून धरायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ब्रायन ऑल्डिसनं १९७३ साली लिहिलेल्या इतिहासात ती मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'पासून धरली आणि पुष्कळांनी ते मानलं. मीही मानतो. पण पहिलं कोण, हा वाद आज मला घालायचा नाहीये. हे पुस्तक ज्या गोष्टीसाठी जगभर ओळखलं जातं, ती गोष्ट या पुस्तकात जवळजवळ नाहीच, असं माझं म्हणणं आहे.

बघा, कुणी एखादी गोष्ट उभी केली आणि ती त्याच्यावरच उलटली, की आपण चटकन 'भस्मासुर' म्हणतो. इंग्रजी अग्रलेखात त्याच जागी 'फ्रँकेन्स्टाइन' येतो. आता भस्मासुराची गोष्ट काय? शंकरानं वर दिला आणि हा वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. त्याची तक्रार काहीच नव्हती. मेरी शेलीच्या गोष्टीत मात्र सगळी तक्रारच आहे, आणि ती रास्त आहे. (बरं का, फ्रँकेन्स्टाइन हे घडवणाऱ्याचं नाव. घडवलेल्याला पुस्तकभर नावच नाही.)

या पुस्तकाच्या जन्माची हकिगत तुम्ही ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळा झाकोळला. जून १८१६मध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी बायरनच्या बंगल्यावर पावसानं अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायच्या ठरवल्या. त्यातूनच बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' १८१९ साली आली. म्हणजे खानदानी, देखणा रक्तपिपासू आणि प्रयोगशाळेतला माणूस, दोघांचं मूळ एकाच पावसाळी बैठकीत आहे.

पण हवामानावर फार थांबू नका. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला जन्म देऊन अकराव्या दिवशी तिची आई, मेरी वोल्स्टनक्राफ्ट, गेली. १८१५च्या मार्चमध्ये मेरीची पहिली मुलगी दोन आठवड्यांची होऊन गेली. त्यानंतर काही दिवसांनी तिनं डायरीत एक स्वप्न नोंदवलंय: बाळ फक्त गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर ते जिवंत झालं. जागी झाली तर बाळ नाही. मेलेल्यात जीव फुंकायची कल्पना तिला केवळ गॅल्व्हानीच्या बेडकांवरच्या प्रयोगांतून सुचली, असं सांगणारे हे पान उलटून पुढे जातात. आणखी एक सांगतो. १८१६मध्ये तिच्यासोबत तान्हा मुलगा होता, विल्यम. आणि कादंबरीत त्या जिवाच्या हातून मरणारं पहिलं मूल कोण? त्याचं नाव विल्यमच. मला हे वाचताना दर वेळी धसका बसतो.

आता मूळ प्रसंग. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन जीव निर्माण करतो. कसा, ते पुस्तकात सांगितलेलंच नाही. कडाडणारी वीज, धडधडणारी यंत्रं, हे सगळं सिनेमाचं. पुस्तकात त्या जिवाचा डोळा उघडतो आणि व्हिक्टर पळून जातो. पुढे तो जीव त्याच्या पलंगापाशी येतो, हात पुढे करतो, की हा पुन्हा पळतो. नुकतं जन्मलेलं कुणीतरी हात पुढे करतंय आणि बाप जिना उतरून अंगणात लपलाय! माझ्या मते कादंबरीतला गुन्हा इथे घडतो. व्हिक्टरनं जीव घडवला हा नव्हे, घडवून सोडून दिला हा.

आणि मग मधल्या भागात तो जीव बोलतो. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. एका झोपडीच्या आडोशाला राहून तो भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो. (ही पुस्तकं त्याला रानात एका पिशवीत सापडतात. इथे लेखिकेनं सोय बघितलीय, हे कबूल.) मग हिमनदीवर व्हिक्टरला गाठून तो आपली कैफियत मांडतो, आणि व्हिक्टरपेक्षा चांगली मांडतो. आपल्याला इथे भस्मासुरापेक्षा कर्ण आठवायला हवा. जन्मताच सोडून दिलेला, पुढे चुकीच्या बाजूला गेलेला, तरी ज्याचं म्हणणं ऐकून घ्यावंसं वाटतं असा. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं, त्याचा मराठी वाचकावर काय परिणाम झाला ते तुम्ही जाणताच. मेरीनं तो हक्क १८१८मध्ये एका नकोशा जिवाला दिला होता.

तो काढून घेतला रंगभूमीनं. १८२३मध्ये लंडनला पीकचं नाटक आलं, नाव 'प्रिझम्प्शन', म्हणजे धार्ष्ट्य. नावातच तात्पर्य! त्यात तो जीव मुका आहे. मेरीनं स्वतः ते पाहिलं. जाहिरातपत्रकात पात्राच्या नावाची जागा कोरी ठेवलेली तिला आवडली, पण आवाज गेला तो गेलाच. १९३१च्या सिनेमात तर मदतनीस चुकून गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे मेंदूच खराब, बापाची जबाबदारी संपली. कार्लोफचे डोळे जे बोलतात तेवढंच मूळ पुस्तक त्यात उरलंय.

पुढचा प्रभाव बहुतेक या मुक्या राक्षसाचा आहे. निर्मात्यावर उलटणाऱ्या यंत्रमानवांच्या कथांना आयझॅक असिमॉव्ह कंटाळला, आणि १९४२च्या एका कथेत त्यानं आपले तीन नियम स्पष्ट मांडले. नियम हुशार आहेत. पण तिन्ही नियम यंत्रमानवानं काय करावं हेच सांगतात. घडवणारा त्याचं काय देणं लागतो, यावर एकही नियम नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवरची बहुतेक चर्चा याच वाटेनं जाते: ती आपल्या ताब्यात राहील का? तिला बाजारात सोडून घडवणारे कुठल्या जिन्यावरून पळाले, हे कमी विचारलं जातं. १९८२च्या 'ब्लेड रनर'मध्ये मात्र घडवलेला माणूस घडवणाऱ्याच्या दारी जाऊन आयुष्य वाढवून मागतो. तिथे मला मेरी परत भेटते.

वाचायचं असेल तर १८१८ची आवृत्ती शोधा. १८३१मध्ये मेरीनं मजकूर बदलला, आणि व्हिक्टरच्या हातून जे झालं त्याचा भार पुष्कळसा नशिबावर टाकला. तोवर तिची तीन मुलं गेली होती, विल्यमसुद्धा, आणि नवराही बुडाला होता. त्यामुळे तिला दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण पहिल्या आवृत्तीतल्या व्हिक्टरला थांबता आलं असतं.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.