सुरकुत्या पुसलेला रॉक

२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत रॉकमधल्या बुजुर्गांच्या नव्या अल्बमांची रांगच लागली. रोलिंग स्टोन्स, मेटालिका, पर्ल जॅम, द क्युअर, जुडास प्रीस्ट, डेव्हिड गिल्मर. यांतले बहुतेक जण तेव्हा साठीच्या अल्याड-पल्याड, मिक जॅगर तर ऐंशीचा. आईबापांची झोप उडवायला जन्माला आलेलं हे संगीत. ते वाजवणारी पोरं आता स्वतःच आजोबा-पणजोबा झाली आहेत. म्हणून हे अल्बम ऐकताना एका गोष्टीकडे माझं सारखं लक्ष जात होतं: यांनी आपल्या वयाचं काय केलं?

ख्यालाच्या श्रोत्याला हा प्रश्न पडत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर सत्तरीनंतर गायला बसत, तेव्हा तरुणपणीचा गळा शाबूत आहे का हे तपासायला कोणी जात नसे. रॉकचा श्रोता मात्र अजून विशीतलाच आवाज मागतो, आणि कंपन्या तो पुरवतात.

‘हॅकनी डायमंड्स’ हे याचं ठळक उदाहरण. ‘अ बिगर बँग’ (२००५) नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा स्टोन्सचा हा पहिलाच अल्बम. जॅगरचा आवाज अचंबित करतो. पण तो जितका खणखणीत वाजतो, तितकाच कुठलाही ठसा न ठेवता निघून जातो. ‘अँग्री’सारखं गाणं पहिल्यांदा ऐकताना पाय ताल धरतात, तिसऱ्यांदा ऐकताना त्यात सापडायला काही उरत नाही. ड्रमर चार्ली वॉट्स २०२१मध्ये गेला. त्याचं वादन इथे दोनच गाण्यांत आहे, आणि फरक तिथेच कळतो. स्नेअरवर काठी पडताना वॉट्स हाय-हॅट मोकळी सोडायचा. त्यामुळे त्याच्या तालाला श्वास घ्यायला जागा मिळायची. त्याच्या जागी आलेला स्टीव्ह जॉर्डन पक्का वादक आहे, वॉट्सनेच सुचवलेला. तरी इतर गाण्यांत ठोका कुठेच सैल पडत नाही, आणि स्टोन्सची सगळी मजा त्या सैलपणातच होती.

अल्बममधलं सर्वांत जिवंत गाणं शेवटचं. मडी वॉटर्सच्या ज्या ब्लूजवरून बँडने नाव घेतलं, तेच इथे जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघंच वाजवतात: एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक आवाज. ड्रम्स नाहीत, पाहुणे नाहीत. साठ वर्षांची सोबत इथे ऐकू येते. याआधीच्या गाण्यांत पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा एवढी मंडळी गोळा करून जे साधलं नाही, ते इथे दोघांत साधतं.

या अल्बमचा प्रोड्युसर अँड्र्यू वॉट १९९०चा. ऑझी ऑस्बोर्नचे शेवटचे दोन एकल अल्बम, इगी पॉपचा ‘एव्हरी लूझर’ आणि पर्ल जॅमचा ‘डार्क मॅटर’ही त्याचेच. तो या मंडळींचा भक्त आहे, आणि अडचण तीच. भक्ताला देव तरुणच हवा असतो. ‘डार्क मॅटर’मध्ये पर्ल जॅम बऱ्याच वर्षांनी भुकेला वाटतो, याचं श्रेय वॉटला द्यायलाच हवं. पण वाद्यं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की एडी व्हेडरच्या आवाजातली खरखर, जी आता कुठे खरी मुरली आहे, ती दबून जाते. मेटालिकाचा ‘७२ सीझन्स’ दुसऱ्याच कारणाने दमवतो: सत्त्याहत्तर मिनिटांत बारा गाणी, आणि बरेच रिफ गरजेपेक्षा दोनदा जास्त फिरवलेले.

जुडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ मात्र माझ्या तक्रारीला दाद देत नाही. बहात्तरीचा रॉब हॅलफर्ड वय साफ झुगारून किंचाळतो, आणि ते पटतं. हेवी मेटलमध्ये चिलखत चढवूनच रंगमंचावर यायचं असतं. सोंग हा त्या कलेचाच भाग आहे. स्टोन्सना हा बचाव घेता येत नाही, कारण ब्लूजला चिलखत शोभत नाही.

या सगळ्यांत श्रेष्ठ म्हणावा असा अल्बम द क्युअरचा: ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. सोळा वर्षांनी आलेला, आठच गाण्यांचा. गंमत अशी की रॉबर्ट स्मिथचा आवाज जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीसारखाच आहे. इथे वय आहे ते रचनेत. पहिल्या ‘अलोन’मध्ये तीन मिनिटं उलटून गेली तरी गायक तोंड उघडत नाही, दहा मिनिटांच्या ‘एन्डसाँग’मध्ये तर सहा मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्या वेळात ड्रम्स एकच संथ चाल धरून राहतात, कीबोर्डचे थर चढत जातात, आणि शब्द येतात तेव्हा ते ऐकायला आपण तयार झालेलो असतो. भावाच्या मृत्यूवरच्या ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’मध्ये पियानोची एक साधी ओळ पुन्हा पुन्हा येते, स्मिथ तिला सजवत नाही. ‘ड्रोन:नोड्रोन’ हे एक गाणं मात्र दुसऱ्या अल्बममधून चुकून आल्यासारखं वाटतं.

गिल्मरने वेगळीच वाट धरली. ‘लक अँड स्ट्रेंज’साठी त्याने निवडलेला प्रोड्युसर चार्ली अँड्र्यू गिल्मरच्या जुन्या बँडच्या, पिंक फ्लॉइडच्या, दबावाखाली नव्हता, इथे सोलो हवाच का, असं त्याने बेधडक विचारल्याचं गिल्मरने स्वतःच सांगितलं आहे. त्याचा फायदा झाला. गिटार कमी बोलते आणि नेमकं बोलते. ‘बिटवीन टू पॉइंट्स’ त्याने मुलीला, रोमनीला, गायला दिलं. शीर्षकगीतात २००७मध्ये मुद्रित झालेलं पिंक फ्लॉइडमधल्या रिचर्ड राइटचं कीबोर्डवादन आहे. राइट त्याच्या पुढच्याच वर्षी गेला. अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाने एकाच अल्बममध्ये गेलेल्या मित्राला आणि पुढच्या पिढीला जागा करून दिली आहे. काही गाण्यांचे शब्द मात्र सुरांइतके पोचत नाहीत.

वयाचा आग्रह धरतो म्हणजे मला म्हातारपणाचं कौतुक आहे असं नाही. डब्लिनच्या फॉन्टेन्स डी.सी. या तरुण बँडचा ‘रोमान्स’ही खुणा न पुसल्यामुळेच आवडला. ‘स्टारबर्स्टर’मध्ये गायक ग्रिअन चॅटन ओळींच्या मध्ये धापा टाकत श्वास ओढतो. त्याला आलेल्या पॅनिक अटॅकमधून हे गाणं निघालं, आणि ती धाप कोणी पुसली नाही. उलट तीच गाण्याचा ताल बनली.

रॉक संपला का, हा प्रश्न दर काही वर्षांनी विचारला जातो. मला तो निरर्थक वाटतो. विशीतल्या माणसाची धाप आणि पासष्टीतल्या माणसाचा थांबा जोवर रेकॉर्डवर उतरतो आहे, तोवर या संगीतात दम आहे. धोका आहे तो मिक्सिंगच्या टेबलावर, जिथे दोघांनाही तिशीचं करून विकण्याची घाई असते.