३७ टक्क्यांचा नियम आणि दोन घरांचा इसार

पेटची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : ‘पेपरमधलं मॉडेल तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?’ आज उत्तर म्हणून एका गाजलेल्या पुस्तकातलं प्रकरण तपासू. हे प्रकरण मी आधी घरावर वापरलं आणि नंतर नीट वाचलं. क्रम उलटा झाला, म्हणूनच लिहितोय.

पुस्तक आहे ब्रायन ख्रिश्चन आणि टॉम ग्रिफिथ्स यांचं ‘अल्गोरिदम्स टू लिव्ह बाय’ (२०१६). सुरुवातच सॅन फ्रान्सिस्कोत घर शोधण्यापासून होते. घरं एकामागून एक दिसतात, नाही म्हटलेलं घर परत मिळत नाही, मग थांबायचं कधी? उत्तर : पहिली ३७ टक्के घरं फक्त बघा, त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस घर दिसलं की घेऊन टाका. हे गणित जुनं आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून ते लोकांपर्यंत नेलं, पुढच्याच वर्षी डेनिस लिंडली यांनी उत्तर छापलं. ३७ म्हणजे १ भागिले ई, ०.३६८.

आमच्या घरी तेव्हा पहिल्या घराची शोधाशोध चालू होती. बाबा धर्माबादला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मुनीम. आयुष्य भाड्याच्या घरात गेलेलं. बजेटमध्ये बसणारी घरं मोजून सात. मी वहीत मांडलं : सात असतील तर पहिली दोन सोडायची, सर्वोत्तम घर मिळण्याची शक्यता ४१ टक्के. दुसरं घर आईला फार आवडलं होतं. मी म्हटलं, ‘नियमात बसत नाही.’ पंधरा दिवसांत ते दुसऱ्याने घेतलं. पुढची पाच घरं बघून झाली, त्याच्या तोडीचं एकही निघालं नाही.

इथे पहिला धडा. हा नियम फक्त ‘सर्वात चांगलं’ मिळण्याची शक्यता वाढवतो. दुसऱ्या क्रमांकाचं आणि सातव्या क्रमांकाचं घर त्याच्या लेखी सारखंच, दोन्ही शून्य. आईच्या लेखी तसं नव्हतं. लेखकांना दोष देता येत नाही. किंमत आधीपासून मोजता येत असेल तर नियम बदलतो, हे त्यांनी लिहिलंय. समोरचा निम्म्या वेळा नकार देत असेल तर ३७ ऐवजी २५ टक्क्यांवरच विचारायला सुरुवात करा, हेही आहे. मी ती पानं चाळली होती, वाचली नव्हती.

माझी टीका वेगळ्या जागी आहे. या सगळ्या प्रकारांत एका वेळी एकाच घराला विचारायचं असतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा घर घेणारा माणूस घाबरलेला असतो. तो दोन घरं धरून ठेवतो. आम्हीही तेच केलं. उरलेल्यांतली दोन बरी घरं निवडली. एकात विकणाऱ्याच्या बहिणीची सही बाकी, दुसऱ्यावर बँकेचा बोजा. कुठलाही व्यवहार फिसकटेल अशी भीती. म्हणून दोन्हीकडे २१-२१ हजार इसार.

यालाही माझं गणित तयार होतं. प्रत्येक व्यवहार पार पडण्याची शक्यता निम्मी धरा. एक इसार दिला तर घर मिळण्याची शक्यता ५० टक्के, दोन दिले तर ७५. दोन्ही पार पडले, म्हणजे २५ टक्के वेळा, तरच एक इसार बुडणार. विकणाऱ्याकडून फिसकटलं तर पैसे परत. म्हणजे घर मिळणं २१ हजारांपेक्षा मोलाचं असेल तर डोळे झाकून दोन इसार द्यावेत. बाबा एवढंच म्हणाले, ‘आरं, पण दोघांना शब्द द्यायचा म्हणजे एकाला खोटंच पडायचं की.’

दोन्हीकडचे कागद साफ निघाले.

आता मॉडेल तपासू. पहिलं गृहीतक, दोन व्यवहार एकमेकांपासून स्वतंत्र. चूक. दोन्हींच्या मागे आमचं एकच गृहकर्ज होतं. ते नामंजूर झालं असतं तर दोन्ही व्यवहार आमच्या बाजूने मोडले असते आणि ४२ हजार एकदम अडकले असते. समान कारण लपलेलं असताना शक्यतांचा गुणाकार करणं ही प्रयोगशाळेतलीही नेहमीची चूक आहे.

दुसरं, इसार म्हणजे घर राखून ठेवण्याचं भाडं. हेही चूक. इंग्लंडमध्ये कराराच्या प्रती अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नसतं. तिथला ‘दोन-तीन घरांना विचारून ठेवा’ हा सल्ला त्या चौकटीतला. आपल्याकडे किंमत ठरून दोघांच्या सह्यांची इसारपावती झाली की तो करार ठरू शकतो. मालकी खरेदीखतानेच बदलते, पण विकणारा करार पुरा करून मागायला कोर्टात जाऊ शकतो. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो मार्ग आणखी भक्कम झालाय. माझ्या हिशोबात जास्तीत जास्त तोटा २१ हजार होता. कागदावर तो तेवढाच नव्हता.

तिसरं सर्वात महत्त्वाचं. मॉडेलमध्ये विकणारा माणूसच नाही. ज्या काकांचं घर आम्ही सोडलं, त्यांनी आमच्या इसारावर विसंबून दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं. मुलीच्या लग्नाची जुळवाजुळव त्या पैशांवर होती. मध्यस्थाने बसवून तोड काढली : अकरा हजार परत, दहा त्यांनी ठेवले. काका रागावले नाहीत. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले, ‘मुनीमजी, आधी सांगायचं होतं.’ त्यांचे दोन महिने गेले, ते माझ्या समीकरणात कुठल्याच पदात नव्हते.

मग करायचं काय? एकच घर धरायचं आणि भीती इसारपावतीत लिहून काढायची : ‘सर्व वारसांच्या सह्या किंवा बोजामुक्तीचा दाखला अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास, किंवा बँकेने कर्ज नामंजूर केल्यास, इसार परत.’ अटी विकणाऱ्याने मान्य करायला हव्यात आणि मसुदा वकिलाला दाखवायला हवा. पण दुसरा इसार ज्या भीतीपोटी आपण देतो, ती भीती चार ओळींत मावते.

संशोधनाकडे येऊ. गृहीतकं तपासताना आपण विचारतो, ‘हे खरं आहे का?’ त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न लिहा : ‘इथे कुणाचा तोटा शून्य धरलाय?’ शून्य धरलेला माणूस बहुतेक वेळा पेपरच्या बाहेर उभा असतो.

आम्ही आता नव्या घरात राहतो. बाजारात काका दिसले की बाबा अजूनही गल्ली बदलतात.

गृहपाठ : कर्ज नामंजूर होण्याची शक्यता २० टक्के धरून वरचा दोन इसारांचा हिशोब पुन्हा मांडा. आणि काकांच्या दोन महिन्यांना एक अक्षर द्या.