पाय कुठं गेले?

मराठी प्रवासवर्णनात कलासंग्रहालयाचं प्रकरण आलं की मी चार पानं उलटून पुढं जाते. तोवर बाजारात घासाघीस करणारी, गाडी चुकेल म्हणून घाबरणारी एकटी बाई छान भेटलेली असते. ती दारात तिकीट काढते, आत जाते आणि गायबच होते. उरते यादी. अमुक दालन, तमुक चित्रकार, इतकं साल. शेवटी डोळ्यांचं पारणं फिटतं. अहो, पण पायांचं काय झालं? सकाळी दहापासून फरशीवर उभ्या आहात, पिशवी धरायला सोबत कुणी नाही, 'बस गं जरा' म्हणणारंही कुणी नाही.

हे दुखणं क्षुल्लक नव्हे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली या थकव्यावरच लेख लिहिला. एका माणसाला काचपेट्यांतल्या वस्तू बघायला लावलं आणि त्याला कसं वाकावं लागतं, कशी मान मोडावी लागते, याचे फोटो छापले. दोष बघणाऱ्याला नाही, मांडणीला दिला. आमच्या लेखिका मात्र थकल्याचं लिहायला लाजतात. थकलं म्हणजे रसिकता कमी पडली, असं वाटत असावं.

रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक १८८९चं. त्यात इमारतींपेक्षा माणसं, बायकांच्या संस्था, घरं यांच्यावर नजर जास्त. म्हणून ते अजून वाचवतं. पुलंच्या 'अपूर्वाई'त लेखक स्वतःचीच फजिती करून घेतो, म्हणजे तो निदान हजर तरी असतो. पुढच्या कितीतरी पुस्तकांत माहिती वाढली आणि माणूस आटला.

दुसरी तक्रार आमच्या बिदरकरांची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात बिदरी हुक्के आहेत. आपली मराठी प्रवासी तिथं थांबली तर 'आपलंच आहे' म्हणून अभिमानाचं एक वाक्य लिहिते, की चालली पुढं. पाटीवर जस्त, तांबं, चांदी एवढं असतं. पण तो काळा रंग किल्ल्यातल्या जुन्या मातीचा. ऊन-पाऊस न लागलेली माती, ती कारागीर जिभेवर ठेवून पारखतो, नवसागराबरोबर उकळतो. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. हे ठाऊक असलेल्या वाचकाला नुसता अभिमान नको असतो. काचेआड त्या काळ्याचं काय होतं, दिव्याखाली तो कसा दिसतो, ते हवं असतं.

तीर्थंकरांच्या मूर्तींचंही तेच. मळखेडच्या नेमिनाथ बसदीत आम्ही चपला बाहेर काढतो, उन्हाळ्यात फरशीचे चटके बसतात. संग्रहालयात बूट घालूनच समोर उभं राहायचं. मूर्ती कायोत्सर्गात, म्हणजे देहाची आठवण सोडून ताठ उभी. आणि तिच्यापुढं उभ्या असलेल्या बाईला त्या घटकेला टाचेशिवाय दुसरं काही आठवत नसतं. एवढं समोर आयतं असताना 'अप्रतिम शिल्प' लिहून पुढच्या दालनात जाणाऱ्या लेखणीला काय म्हणावं?

पुढच्या आवृत्तीत बाकडं कुठल्या दालनात होतं, तेवढं तरी लिहा बाई.