दुसऱ्या आवाजाची जागा

आवड जुळली की संसार सुखाचा होतो, असे लग्न जमवताना वडीलधारी माणसे सांगतात. आवड जुळते म्हणजे नेमके काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही. दोघांना एकच गाणे आवडले म्हणजे आवड जुळली, की एकाने ऐकवले आणि दुसऱ्याने मुकाट्याने ऐकून घेतले तरी ती जुळली म्हणायची? हा प्रश्न मला पडला तो एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेमुळे. रॉबर्ट वायट यांची १९७४ सालची ‘रॉक बॉटम’ ही ती ध्वनिमुद्रिका. या लेखाचा विषय तीच आहे. पण तिच्यापर्यंत मी एकटा पोचलो नाही. त्यामुळे कोणत्या वाटेने पोचलो तेही थोडे सांगावे लागेल.

प्रथम या संगीताविषयी. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार इंग्लंडात १९६९ च्या सुमारास आकाराला आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘किंग क्रिमझन’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायला निघालेल्या तरुणांना एक वाट दिसली. १९७२ साली ‘येस’ने ‘क्लोज टू द एज’ हे गाणे ध्वनिमुद्रिकेच्या एका संपूर्ण बाजूवर पसरवले, ते अठरा मिनिटांहून अधिक चालते. त्याच वर्षी ‘जेथ्रो टल’ने दोन्ही बाजू मिळून एकच गाणे दिले. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या आपल्या कानांना या लांबीचे कौतुक वाटणार नाही. पण फरक आहे. ख्याल गायकाच्या मनात त्या क्षणी उलगडत जातो. ही गाणी मात्र बहुतांशी आधी बांधून, घोटून, मग मुद्रित केलेली असतात. त्यांच्यात बेत जास्त, आणि बेताबरोबर येणारा ताठाही जास्त. ‘येस’चा वादक रिक वेकमन याने १९७५ साली लंडनच्या वेम्बली येथे राजा आर्थरची कथा चक्क बर्फावर, घसरपट्टीच्या खेळासह सादर केली होती. यावरून त्या ताठ्याची कल्पना यावी.

हे संगीत बेळगावात माझ्यापर्यंत आले ते मस्कतला नोकरीला असलेल्या मावसभावाच्या बॅगेतून, कॅसेटच्या रूपाने. माझ्या वयाचे जे दोनचार जण गावात हे ऐकत, ते सगळे पुरुष. तिकडेही श्रोतृवर्ग प्रामुख्याने पुरुषांचाच होता, असे या संगीताचे अभ्यासक नोंदवतात. खोली बंद करून, शब्दांचा कागद हातात घेऊन, कोणी मध्ये बोलू नये अशा बेताने ते ऐकायचे. त्यात विद्वत्तेचा एक छुपा आनंद असतो. कुठल्या मुद्रिकेवर ड्रम कोण वाजवतो हे ठाऊक असणे म्हणजेच संगीत कळणे, अशी माझी पक्की समजूत होती.

१९८७ साली लग्न झाले. पत्नी धारवाडची. गुरूंकडे आठ वर्षे गाणे शिकलेली, आणि तंबोरा बरोबर घेऊन आलेली. तंबोऱ्याला आमच्या दोन खोल्यांत जागा नव्हती म्हणून तो गवसणीसह कपाटावर गेला. कॅसेटच्या पेट्यांना मात्र जागा होती. मी तिला शिकवायला घेतले. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की टेप लावायचा, आणि काय ऐकायचे, कुठे दाद द्यायची, हे मी सांगायचे, असा तो वर्ग. ती पोळ्यांचे पीठ चाळत किंवा मुलीची वेणी घालत ऐके. तिला हे आवडू लागले आहे, असे मी मित्रांना अभिमानाने सांगत असे.

‘येस’च्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या १९७३ च्या मुद्रिकेविषयी मी तिला एकदा मोठ्या उत्साहाने सांगितले. चार बाजू, चार गाणी, आणि सगळ्याची प्रेरणा आपल्या भारतातली! परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रात शास्त्रांविषयी एक तळटीप आहे, ती वाचून गायक जॉन अँडरसन याला ही कल्पना सुचली. तिने एक बाजू संपूर्ण ऐकली आणि म्हणाली, “अहो, तळटीप ती तळटीपच की. एवढी ताणायची कशाला?” मी रागावलो. आज वाटते, त्या मुद्रिकेवरचे याहून नेमके परीक्षण मी वाचलेले नाही.

दुसरा प्रसंग पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’चा. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वरचे हे गाणे नाण्यांच्या आवाजाने सुरू होते. मी ते शेकडो वेळा ऐकले होते. ती स्वयंपाकघरातून बोटे मोजत बाहेर आली. “सात मात्रा आहेत,” ती म्हणाली, “पण रूपक नव्हे. रूपकाची सम खालीवर येते, इथे पहिल्याच मात्रेवर आदळतात.” पुढे गिटारचे एकलवादन सुरू होताच तिने पुन्हा बोटे मोजली. “आता चारात गेले बघा. सातात त्यांना मोकळे होता येईना वाटते.” गाणे खरोखरच तिथे सातातून चारात जाते. सॅक्सोफोन सातातच वाजतो, गिटार मात्र चारात. मला वादकांची नावे पाठ होती, मात्रा मी कधी मोजल्या नव्हत्या.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पुढचे गाणे समजावू लागलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “तुम्हाला ऐकवायला माणूस पाहिजे. मी काय ऐकते ते तुम्ही कधी विचारलंच नाही की.” भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, असे वाटण्याइतका तो स्वर शांत होता. रविवारचा वर्ग त्यानंतर बंद पडला.

‘रॉक बॉटम’ माझ्याकडे आली ती याच सुमारास, आणि पहिल्यांदा मी ती एकट्यानेच ऐकली. वायट हे ‘सॉफ्ट मशीन’चे ड्रमवादक. १ जून १९७३ रोजी लंडनमधल्या एका मेजवानीत, मद्याच्या अमलात, ते चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. पायांनी वाजवायचे ड्रम संपले. स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात पाहुण्यांच्या खोलीत एक पियानो होता, त्यावर त्यांनी मनातल्या गाण्यांची जुळणी केली. मित्र धावून आले. नोव्हेंबर १९७३ मध्ये पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन यांनी त्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला, आणि पिंक फ्लॉइडच्या निक मेसन यांनी मुद्रिकेची निर्मिती सांभाळली. ती प्रसिद्ध झाली २६ जुलै १९७४ रोजी. त्याच दिवशी वायट यांनी अल्फ्रेडा बेंज यांच्याशी लग्न केले. मुखपृष्ठावरचे चित्र अल्फ्रेडांचेच.

या हकिकतीमुळे ही मुद्रिका म्हणजे अपघाताचा विलाप, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, आणि वायट यांनी स्वतः तो खोडला आहे. बरीचशी गाणी अपघातापूर्वीच सुरू झाली होती. १९७२-७३ च्या हिवाळ्यात निकोलस रोग यांच्या ‘डोन्ट लुक नाऊ’ या चित्रपटाच्या कामासाठी अल्फ्रेडा व्हेनिसला होत्या, वायट बरोबर होते. हाताला काम नाही म्हणून अल्फ्रेडांनी त्यांना एक छोटा, स्वस्तातला कीबोर्ड आणून दिला. त्याच्या कंप पावणाऱ्या सुरात पाण्यावरचा प्रकाश हलल्यासारखा वाटतो, आणि तो हलका कंप साऱ्या मुद्रिकेभर आहे. म्हणजे अपघाताआधी सहजीवन आहे, आणि गाण्याचे मूळ तिथे आहे. पहिलेच गाणे ‘सी साँग’ प्रियेला समुद्रातल्या अनोळखी प्राण्याच्या रूपात पाहते. ती पूर्णपणे कळत नाही, हेच त्या प्रेमाचे मर्म. गाण्याच्या अखेरीस शब्द संपतात आणि वायट यांचा उंच, पातळ आवाज नुसत्या स्वरांवर चढत जातो. वाद्यांतला सारा ताठा इथे गळून पडला आहे. एक साधा ट्रेसुद्धा इथे तालवाद्य होऊन आला आहे.

माझ्या दृष्टीने मुद्रिकेचा गाभा दुसऱ्या बाजूवरच्या ‘अलिफिब’ आणि ‘अलिफी’ या जोडगाण्यांत आहे. अल्फ्रेडांचे घरचे नाव अल्फी. पहिल्या गाण्यात श्वासाचा आवाजच ताल धरतो, आणि बऱ्याच वेळाने वायट त्या नावाशी खेळत लहान मुलासारखे बरळू लागतात. बहुतेक शब्दांना शब्दकोशात अर्थ नाही. त्या बडबडीत तिला लाडाने अन्नाच्या कोठीची उपमा दिलेली आहे. दुसऱ्या गाण्यात तीच बडबड पुन्हा येते, पण आता खाली गॅरी विंडो यांचा सॅक्सोफोन कण्हतो आहे, म्हणून ती भीतिदायक वाटते. लाडातली भूक उघडी पडते. आणि अगदी शेवटी एक स्त्री बोलते. ती अल्फ्रेडा. ती कोठीची उपमा साफ नाकारते, त्याची थोडी थट्टा करते, आणि आपण त्याची राखणदार आहोत एवढे सांगून थांबते. हे बोलणे काही क्षणांचेच, पण त्याने आधीची तेरा-चौदा मिनिटे उलटी फिरतात. इतका वेळ आपण ज्याला प्रेमगीत समजत होतो, ते ज्या व्यक्तीविषयी होते तिचे मत प्रथमच ऐकू येते.

हे मी एकट्याने ऐकले आणि मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पत्नीला म्हटले, “हे ऐक, आणि मी काही सांगणार नाही.” तिने दोन्ही गाणी डोळे मिटून ऐकली. इंग्रजी फारसे कळत नसूनही तिला अडचण आली नाही. आपल्या भागात शेजारघरातून येणारे दासांचे पद आणि आपल्या घरातला अभंग दोन्ही ऐकत मुले मोठी होतात. शब्द कळण्याआधी भाव कळतो, हे आपल्याला निराळे शिकावे लागत नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “कुमारजींची आठवण झाली.”

ती तुलना मला सुचली नसती. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, आपल्या जवळच्या सुळेभावीचा. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाले, देवासला काही वर्षे गाणे बंद राहिले, भानुमतीबाईंनी नोकरी करून घर आणि आजारी माणूस दोन्ही सांभाळले. पुढे ते गाऊ लागले ते लहान लहान आवर्तनांत, तुटक वाटणाऱ्या पण भरलेल्या स्वरवाक्यांत. शरीराने घातलेली मर्यादा दोघांनीही शैलीत मुरवली, आणि दोन्हीकडे त्यामागे एका स्त्रीचे कष्ट उभे आहेत. येथवर साम्य खरे. फरकही पत्नीनेच दाखवला. “भानुमतीबाई स्वतः गाणं शिकलेल्या होत्या,” ती म्हणाली. “त्यांचं गाणं कुठं गेलं, ते कोणी विचारतं का?” मी नकळत कपाटावर पाहिले. तिने तिकडे पाहिले नाही.

‘रॉक बॉटम’विषयी एक आक्षेप नोंदवायला हवा. त्या उत्तरालाही जागा दिली आहे ती वायट यांनीच, आणि दिली आहे ती शेवटची, अगदी थोडी. रचनाकार एकटाच राहतो. आक्षेप खरा आहे. पण ही मुद्रिका त्या दोघांच्या वाटेची सुरुवात होती. अल्फ्रेडा पुढे मुखपृष्ठांबरोबर गीतेही लिहू लागल्या, आणि २०२० साली दोघांच्या गीतांचे पुस्तक निघाले त्याला नावच ‘साइड बाय साइड’ असे दिले गेले. या क्षेत्रात अशी उदाहरणे आणखी आहेत. पॉली सॅमसन यांनी पिंक फ्लॉइडच्या १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’साठी डेव्हिड गिल्मर यांच्यासोबत गीते लिहिली, आणि त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. किंग क्रिमझनचे रॉबर्ट फ्रिप रंगमंचावर बैठकीवरून न हलणारे, जवळजवळ व्रतस्थ वादक. २०२० च्या टाळेबंदीत पत्नी टोया विलकॉक्स यांनी त्यांना स्वयंपाकघरात नाचायला लावले आणि जगाला दाखवले. काही जुन्या चाहत्यांना ते खपले नाही. मला वाटते, त्यांना आपल्या देवाच्या घरात दुसरे कोणी राहते हेच खपले नसावे. मी त्यांना नावे ठेवणार नाही, मी त्यांच्यातलाच होतो.

तंबोरा उतरवायला मला त्यानंतरही वर्ष लागले. भोपळ्याला तडा गेला होता. मिरजेहून तो दुरुस्त करून आणला. ती म्हणाली, “आता गळा कुठे राहिलाय?” आणि खरेच, पहिल्या महिन्यात तिला षड्‌जावर स्थिर उभे राहता येईना. गेलेली वर्षे तंबोऱ्यासारखी मिरजेला देऊन दुरुस्त होत नाहीत, हे मला तेव्हा कळले. आजही ती रोज गात नाही. गाते तेव्हा मी टेप बंद ठेवतो आणि विचारल्याशिवाय बोलत नाही.

आमची आवड जुळली का? ‘टेल्स’ मला अजून आवडते, तिला अजून आवडत नाही. ‘सी साँग’ दोघांना आवडते, पण कारणे वेगळी आहेत. ती शेवटचा स्वरालाप ऐकते, मी कीबोर्ड ऐकतो. पूर्वी मी याला न जुळणे म्हटले असते. ‘अलिफी’ अनेकदा ऐकल्यावर माझे मत बदलले आहे. जोडीदाराने आपल्याच जागी ‘वा’ म्हणणे ही सोबत असेल, पण त्या सोबतीत ऐकणारे कान एकाचेच राहतात. दुसरे कान हवे असतील तर त्यांचे उत्तर ऐकण्याची तयारी लागते, आणि ते उत्तर आपल्याला हवे तसेच येईल असे नाही. रविवारचा वर्ग पुन्हा भरला नाही. रविवारी दुपारी काय लावायचे ते आता ती ठरवते.